जिन्याखालची करुणा

अग्नी, चाक आणि समुपदेशन या तीन शोधांनी मानवजातीला पशुत्वातून बाहेर काढले. पैकी तिसरा शोध नागपुरातल्या एका महाविद्यालयाने जिन्याखाली ठेवला होता. पूर्वी तिथे फिनेलचे डबे असत. डबे हलवले, वास राहिला. दारावर पाटी होती, 'मन मोकळे करा. वेळ अकरा ते एक.'

समुपदेशक मेघा मॅडम मनाने फार चांगल्या होत्या. हे आधीच सांगितलेले बरे, कारण पुढे ते आपोआप लक्षात येणार नाही. नुकत्याच त्या पुण्याहून 'सांस्कृतिक भान' नावाची कार्यशाळा करून आल्या होत्या. प्रत्येक माणसाला त्याच्याच संस्कृतीतून बरे करावे, असे तिथे शिकवले होते. जेवणही उत्तम होते.

त्या मंगळवारी त्यांच्यासमोर मोनाली बसली होती. बी.एस्सी.चे दुसरे वर्ष, गाव पवनीकडे, राहायला वसतिगृहात. शेजारी तिचे वडील प्रेमानंद, खुर्चीच्या अगदी कडेवर. ते शहराबाहेर वाडी गावात ट्रान्सपोर्टच्या गोदामात हमाली करतात आणि आणखी काही हमालांसोबत तिथेच एका खोलीत झोपतात. म्हणजे वसतिगृहातली खाट गेली की मोनालीला नागपुरात दुसरे छप्पर नाही, आणि छप्पर नाही तर पदवीही नाही. वॉर्डनबाईंनी बजावले होते, मॅडमनी 'समूहात राहण्यायोग्य' असा शेरा दिला तरच खाट राहील.

मोनालीचा गुन्हा असा, की तिने तक्रार केली होती.

तिच्या खोलीतल्या काजलच्या घरून लोणच्याची बरणी येई. सगळ्या मुली तिच्यात चमचा घालत, मोनालीही घाली. मग एके दिवशी शिष्यवृत्तीसाठी मोनालीचे नाव आडनावासकट फळ्यावर लागले. त्या रात्री तिने चमचा घातला, तशी काजल उठली आणि काही न बोलता अख्खी बरणी कचऱ्याच्या बादलीत उपडी केली. मग बरणी घासली. धुऊन पुन्हा घासली. सकाळी मोनालीची खाट संडासाच्या दाराशी सरकलेली होती.

"हे बघ मोनाली," मॅडम म्हणाल्या, "काजलच्या घरी सोवळं-ओवळं आहे. तेही एक कल्चरच ना? आपण दोन्ही संस्कृतींचा आदर करायचा."

"मॅडम, तिच्या संस्कृतीनं माझी खाट संडासाशी नेली. माझ्या संस्कृतीनं काय करायचं?"

मॅडमनी वहीत लिहिले, 'राग'. मग त्यांनी कार्यशाळेतले अस्त्र काढले. टेबलाच्या खणातून एक पितळी मूर्ती निघाली. ढेरपोट्या, टकलू, खदखदून हसणारा, पाठीवर पैशांचे गाठोडे. सीताबर्डीच्या गिफ्टच्या दुकानातून खास या बैठकीसाठी आणलेला.

प्रेमानंदांनी आदराने विचारले, "हे कोन शेठजी होत, मॅडम?"

"अहो, तुमचेच बुद्ध!"

"असतीन," प्रेमानंद विचार करून म्हणाले. "आमच्या घरी हायेत, पन ते इतके खाऊनपिऊन नाई."

मॅडम ओशाळल्या नाहीत. कार्यशाळेत ओशाळण्यावर सत्र नव्हते.

"तुमच्याकडे करुणा शिकवतात ना? राग म्हणजे विष. मग काजलला क्षमा करून टाक."

"तिनं मागितली?"

"मागितल्यावर कोणीही करतं, बेटा. न मागता केली तर ती खरी." त्यांनी एक टाइप केलेला कागद पुढे सरकवला. माझा गैरसमज झाला होता, तक्रार मागे घेते, काजलच्या भावना दुखावल्याबद्दल दिलगीर आहे. "इथे सही कर, की लगेच शेरा देते."

मोनालीने कागदाला हात लावला नाही. प्रेमानंद चटकन उठले.

"मॅडम, पोरगी लहान हाय. माफी मी मांगतो. माह्यी चालन का?"

"चालेल ना! वडिलांनी मागितली तर फारच सुंदर."

काजलला बोलावणे गेले. ती आली, मोबाइलवरून नजर न काढता उभी राहिली. पन्नाशीला आलेल्या प्रेमानंदांनी त्या एकोणीस वर्षांच्या मुलीसमोर हात जोडले.

"चुकलं असन तर माफ कर, बेटा."

"इट्स ओके, अंकल," काजल म्हणाली. "पण खाट तिथेच राहू द्या."

"बघा!" मॅडमचे डोळे पाणावले. "संवाद सुरू झाला."

"बाबा, हात खाली करा," मोनाली म्हणाली.

"चूप बस ना वं पोरी. दोन सालाचा तर सवाल हाय. तुले शिकाचं हाय का नाई?"

"शिकाचं हाय म्हनूनच सांगून रायली." मॅडमसमोर इतका वेळ सांभाळलेली तिची पुस्तकी भाषा आता सुटली होती. "आजीनं दीक्षा घेतली अन् घरचे देव वैनगंगेत सोडून देल्ले. आख्खं गाव आंगावर आलं होतं, तरी हटली नाई. अन् तिचा पोरगा इथं हात जोडून उभा हाय. काहून गा बाबा? लोनच्यासाठी?"

प्रेमानंदांचे हात जोडलेलेच राहिले. कुठे न्यावेत ते त्यांना सुचेना.

"मी सही करत नाई, मॅडम. हीच तक्रार आता पोलीस ठान्यात देतो," मोनाली म्हणाली.

मॅडमना वाईट वाटले. वाईट वाटत असतानाच त्यांनी शेरा लिहिला, 'समूहजीवनास अयोग्य. बौद्ध असूनही करुणेचा अभाव.' खाली सही, तारीख, शिक्का. काजल क्लासला उशीर होतो म्हणून निघून गेली. तिच्याबद्दल कुठे काही लिहायचे नव्हते, कारण तिला समुपदेशनाची गरजच नव्हती.

मग प्रेमानंदांचे हात सुटले. त्यांनी खाली ठेवलेली पिशवी उचलली.

"चाल," ते म्हणाले. "ठानं मले मालूम हाय. खाटेचं मंग पाहू."

दोघे दाराशी पोचले, तेव्हा मागून मॅडमची हाक आली. आवाज खरोखरच मायेचा होता.

"काका, जाताच आहात तर व्हरांड्यातलं ते लोखंडी कपाट तेवढं आत सरकवून द्याल का? शिपाई आज रजेवर आहे, आणि तुम्हाला सवय असेलच."