होत आलंय

"झालं का?" घराच्या मागच्या दारातल्या खुर्चीवरून मास्तरीणबाईंनी विचारलं.

"होत आलंय," गाडीखालून आवाज आला.

हा प्रश्न आणि हे उत्तर त्या घरात इतकं जुनं झालं होतं, की दोघंही ते न ऐकताच बोलत.

मास्तर शाळेतले नव्हेत. घरगाडीला धुराची नळी बसवावी ती त्यांनीच, म्हणून सगळा भाग त्यांना नळीमास्तर म्हणे. घरगाडी म्हणजे चाकांवरचं बिऱ्हाड. आत पलंग, शेगडी, दिवे आणि विजेसाठी पोटाखाली जनरेटर. त्याच्या धुरात एक असा लबाड वायू असतो, की त्याला ना वास ना रंग. झोपलेलं माणूस झोपेतच जातं. पोलिसांनी एकदा मास्तरांना तशी एक गाडी तपासायला नेलं होतं. कुणीतरी नळी गाडीखालीच संपवली होती आणि वायरीसाठी पाडलेल्या भोकातून सगळा धूर आत गेला होता. पलंगावर उशा अजून तशाच होत्या, त्यात दोन लहान. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. मास्तर त्या दिवसापासून पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागले.

लोकांच्या गाड्या ते दोन दिवसांत मोकळ्या करत. स्वतःची मात्र मागच्या अंगणात वर्षानुवर्षं उभी. नळी आधी मागे काढली. वारा फिरला की धूर खिडकीशी येतो, म्हणून बाजूला घेतली. मग तीही उतरवून थेट टपाच्या वर नेली. बाईंचं मागणं काही जगप्रवासाचं नव्हतं. लेकीच्या गावाला जाताना वाटेत एक तळं लागतं. तिथे गाडी लावायची आणि आपल्या गाडीत केलेला चहा आपल्याच खिडकीत बसून प्यायचा, बस.

"अहो, लोकांच्या गाडीला दोन दिवस आणि आपल्या गाडीला अख्खा जन्म?" त्या हसून म्हणत.

"लोकांच्या गाडीत तू झोपणार नाहीयेस ना!"

उत्तर खोटं नव्हतं. म्हणून तर बाईंना कधी धड भांडताही आलं नाही.

मग बाईंची फुप्फुसं थकली. नाकाला नळी आणि नळीच्या टोकाला विजेवर चालणारं ऑक्सिजनचं मशीन. "तुमची नळी धूर बाहेर नेते, माझी हवा आत आणते. शोभतो की नाही जोडा?" असं त्या म्हणाल्या होत्या. मास्तरांना हसू आलं नव्हतं.

आज लेक त्यांना न्यायला येणार होती. तिचं घर हॉस्पिटलला लागून होतं. तिथे गेल्यावर पलंगावरून हलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. परत येण्याबद्दल ते काही बोलले नाहीत, आणि कुणी विचारलंही नाही.

दुपारी मास्तरांनी बाईंना धरून गाडीत बसवलं, मशीन गाडीच्या विजेवर लावलं आणि जनरेटर सुरू केला. उशाशी वायू ओळखणारी डबी होती. तो जरा जरी आत आला तरी ती किंचाळून घर डोक्यावर घेते. डबी गप्प राहिली. टपावरच्या नळीतून धूर सरळ वर जात होता. बाई खिडकीतून समोरच्या भिंतीकडे मोठ्या कौतुकाने बघत बसल्या.

लेक आली ती थेट गाडीत चढली. "अगंबाई, चालतंय की सगळं! बाबा, मग आईला हिच्यातूनच न्या ना. मी येते माझी गाडी घेऊन मागून. तळ्यावर थांबू, चहा घेऊ."

बाईंनी मास्तरांकडे पाहिलं. इतक्या आशेने त्यांनी कधीच पाहिलं नव्हतं.

मास्तर खाली उतरले. फडक्याने धरून त्यांनी नळी हलवून पाहिली. "नळी आवळणारा हा एक क्लॅम्प जरा ढिला वाटतोय. बदलतो. नळी गार होऊ दे आधी. तासभर लागेल, फार तर दीड."

"बाबा, तिकडे नर्स येऊन बसेल हो! आणि अंधाराच्या आत पोचायला नको का? डबी तर गप्प आहे."

"आत्ता गप्प आहे."

"अति तिथं माती, बाबा," लेक म्हणाली आणि तिने तोंड फिरवलं.

"राहू दे गं," बाई म्हणाल्या. "वाटभर जिवाला घोर लावून बसतील ते." मग मास्तरांना म्हणाल्या, "तुम्ही या सावकाश मागून. आणि जेवून निघा, उपाशी येऊ नका."

लेकीच्या गाडीत ऑक्सिजनचं सिलिंडर होतं. बाईंना मागच्या सीटवर टेकवून बसवलं. मास्तरांनी दार लावलं, ओढून पाहिलं, पुन्हा ओढून पाहिलं. काचेआड बाई हसल्या. गाडी कोपऱ्यावरून वळली.

नळी गार झाल्यावर मास्तरांनी क्लॅम्प काढला आणि उजेडात धरून फिरवला. कुठे चीर नव्हती. आटे शाबूत होते. क्लॅम्प चांगला होता. तरी त्यांनी नवा बसवला, जनरेटर सुरू केला आणि आत जाऊन बाई बसल्या होत्या तिथे बसले. गादीवर अजून खळगा होता. चुकलं आपलं, त्यांच्या मनात आलं. आजच नाही, फार आधीपासून चुकत आलं. तिला जपायच्या नादात तिला साधं तळ्यापर्यंत नेलं नाही.

डबी गप्प होती. धूर टपाच्या वरून सरळ निघून जात होता. आता खरंच काही राहिलं नव्हतं.

"झालं गं!" सवयीने त्यांनी खिडकीतून हाक मारली.

मागच्या दारात खुर्ची तेवढी होती. मास्तरांनी हात लांबवून जनरेटरचं बटण बंद केलं.