मधला आवाज

"कांताजी, इस बार ये सोलो रुचिरा से करवाते हैं," एडविन सर पियानोवरून मान न वळवता म्हणाले. "आपको ऐतराज़ तो नहीं?"

"नहीं सर, ऐतराज़ कैसा," कांता म्हणाली. ती हसलीसुद्धा. मग चष्मा काढून पुसत बसली. तो मुळात स्वच्छच होता.

चर्चच्या मागच्या हॉलमध्ये शनिवारची तालीम चालली होती. एडविन लाल हे शाळेतून निवृत्त झालेले संगीतशिक्षक. युरोपात अडीच-तीनशे वर्षांपूर्वी चर्चसाठी रचलेलं, बरोक म्हणतात ते संगीत, हे त्यांचं वेड. त्या वेडापायी त्यांनी लखनौतली नाना तऱ्हेची हौशी माणसं गोळा करून एक क्वायर, म्हणजे एकत्र गाणारा चमू, उभा केला होता. दातांचे एक डॉक्टर, शाळेतल्या दोन शिक्षिका, बँकेतले एक साहेब, कॉलेजातली मुलंमुली. डिसेंबरात कार्यक्रम व्हायचा आणि त्यात मधोमध दर वर्षी तोच एक सोलो असायचा. बाकी सगळे गप्प, आणि एका बाईनं एकटीनं उंच सुरात गायचं. कितीतरी वर्षं ती बाई म्हणजे कांता गजभिये.

"और एक बात," सर म्हणाले, "रुचिरा नोटेशन नहीं पढ़ पाती. आप ज़रा सिखा दीजिए उसे. आपसे अच्छा कौन सिखाएगा?"

मागच्या बाकावरून रुचिरा धावतच आली. "कांताताई, शिकवाल ना? तुम्ही नाही म्हणालात तर मी गाणारच नाही, सांगून ठेवते."

"शिकवीन ना," कांता म्हणाली.

सगळ्यात जिव्हारी लागत होतं ते हे, की या मुलीला क्वायरमध्ये तिनंच आणलं होतं.

उन्हाळ्यात अमीनाबादच्या बाजारात पडद्याचं कापड घेताना शेजारून कुणीतरी दुकानदाराला चुकून मराठीतच विचारलं होतं, "अहो, हा रंग जाईल का हो धुतल्यावर?" त्या गर्दीत असं स्वच्छ मराठी ऐकून कांतानं वळून पाहिलं. "जाईल. पलीकडच्या दुकानात घ्या," ती म्हणाली आणि दोघी हसल्या. ती रुचिरा साठे, पुण्याची. नवरा सुजय सैन्यात मेजर, नुकतीच बदली होऊन छावणीत राहायला आलेली.

"मी कांता गजभिये. नागपूरची."

आडनाव ऐकल्यावर रुचिराचं हसू क्षणभर जागच्या जागी थांबलं आणि मग पुन्हा सुरू झालं. तेवढा क्षण कांताच्या ओळखीचा होता. नागपुरात तो रोज भेटायचा. लखनौत आल्यापासून मात्र ती त्याला विसरली होती. इथे गजभिये म्हटल्यावर लोक विचारायचे, "बंगाली हैं क्या?" एडविन सरांनी तर तेही कधी विचारलं नव्हतं. सूर धरता येतो का, एवढंच पाहिलं होतं.

तरीही कांतानं तिला बोलावलं. रुचिरा पुण्याला शास्त्रीय गाणं शिकली होती, इथे एकटी कंटाळून गेली होती. आणि कांताला घराबाहेर मराठी बोलायला कुणी नव्हतं. घरातही होतं कुठे फारसं? नवरा बाबूराव रेल्वेच्या ऑफिसातून आले की पेपरमध्ये डोकं घालायचे. मुलगी मैत्रेयी अकरावीत, तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर हिंदीतच यायचं.

"आपण बाबासाहेबांची माणसं, चर्चमध्ये काय करून राहिली तू?" बाबूरावांनी सुरुवातीला विचारलं होतं.

"गाऊन राहिली," कांता म्हणाली होती. "प्रार्थनेला नाही जात मी. गायला जाते."

नागपुरात मिशनच्या शाळेत एका सिस्टरनं तिला नोटेशन वाचायला शिकवलं होतं. बाकीच्या मुली खेळायला गेल्या की ती पेटीशी बसून ते काळे ठिपके सोडवत बसायची. पुढे टेलिफोन खात्यात लागली ती आवाजाच्याच जोरावर. ट्रंक एक्स्चेंजमध्ये "हॅलो लखनऊ, कानपुर बोलिए" म्हणणारा तिचा आवाज लोक ओळखायचे. आता गल्लोगल्ली एसटीडीचे बूथ झाले होते, माणसं स्वतःच नंबर फिरवत होती. कांताला बिलांच्या तक्रारी घेणाऱ्या खिडकीवर बसवलं होतं. तिथे फक्त ऐकून घ्यायचं असतं.

म्हणजे उरला होता तो सोलो.

छावणीतल्या बंगल्यात शिकवणी सुरू झाली. हिरवळीवर वेताच्या खुर्च्या, ट्रेमधून आलेला चहा. कांता एकेक ओळ गाऊन दाखवायची, रुचिरा ती सारेगममध्ये उतरवून घ्यायची आणि दुसऱ्याच खेपेला जशीच्या तशी म्हणायची. कांताला ज्या जागा बसवायला महिने लागले होते, त्या या मुलीच्या गळ्यात पाहुण्यासारख्या येऊन बसत. आवाजही असा, की वरच्या सुरावर गेला तरी त्याला श्रम पडल्यासारखं वाटत नसे.

एकदा मैत्रेयी सोबत आली. रुचिरानं तिला मासिकं दिली, केस कसे कापले तर चेहऱ्याला शोभतील ते सांगितलं. त्यानंतर मैत्रेयी घरी 'रुचिरा आंटी'शिवाय बोलेना. आईच्या एकाही कार्यक्रमाला ती कधी आली नव्हती. "बोर होता है, मम्मी," म्हणायची. या वर्षी तिनं आपणहून विचारलं, "प्रोग्राम कब है? रुचिरा आंटी गा रही हैं ना?"

त्या सोलोत एक अवघड जागा होती. एकाच अक्षरावर लांबलचक तान वर चढते, माथ्यावरून उडी घेऊन खाली येते आणि पुन्हा चढायला लागते. कागदावर श्वासाला कुठेच जागा नाही. पण उडी घेऊन खालच्या सुरावर उतरलं की तो सूर किंचित लवकर सोडायचा आणि ऐकणाऱ्याला कळायच्या आत चोरून श्वास घ्यायचा, ही युक्ती शाळेतल्या सिस्टरनं कांताला शिकवली होती.

कांतानं रुचिराला सगळं शिकवलं. एवढं सांगितलं नाही.

न सांगण्याचं तिनं काही ठरवलं नव्हतं. ती जागा आली आणि ती चहा प्यायला लागली, इतकंच. पुढच्या खेपेला मात्र तिला माहीत होतं आपण काय करतोय ते.

तालमीत रुचिरा त्या तानेच्या शेवटाला पोचेना. आवाज पातळ व्हायचा आणि तुटायचा. कांताचा चोरटा श्वास एडविन सरांच्याही कधी लक्षात आला नव्हता; ते नुसते पियानो थांबवायचे. "फिर से." पुन्हा तुटायचा. "फिर से, बेटा." रुचिराचे कान लाल झाले. कांता खाली पाहत होती. आपल्या आत काहीतरी गोड, ऊबदार पसरतंय हे तिला समजत होतं, आणि ते तिनं पसरू दिलं.

पण सरांनी सोलो परत तिच्याकडे दिला नाही. उलट तालमीनंतर तिला बाजूला घेऊन म्हणाले, "कांताजी, आप आल्टो में आ जाइए. वहाँ कोई सँभालने वाला नहीं है." आल्टो म्हणजे बायकांतला खालचा आवाज. वर सोप्रानो, खाली पुरुष, आणि मधे हा, भिंतीतल्या विटेसारखा. नसला तर सगळं पडतं, असताना कुणाला दिसत नाही.

"जी सर," कांता म्हणाली.

कार्यक्रमाच्या आधीच्या आठवड्यात रुचिराचा फोन आला. कांता स्वयंपाकघरातून हात पुसत आली. मैत्रेयी तिथेच टेबलावर अभ्यासाला बसली होती.

"कांताताई, मला नाही जमत हो ती तान. रात्रभर झोप नाही लागली. सगळ्यांसमोर तुटला आवाज तर? तुम्ही कसं करता खरंच?"

"त्या तानेला श्वास सरावानं पुरतो गं," कांता म्हणाली. "मला किती वर्षं लागली. घाबरू नको. होईल."

तिनं फोन ठेवला. मैत्रेयी पुस्तकातून डोकं वर काढून तिच्याकडे पाहत होती.

"मम्मी, आप तो बीच में साँस लेती हो."

"काय?"

"उस गाने में. ऊपर से कूदकर नीचे आती हो ना, वहाँ. ज़रा सा. फिर ऊपर जाती हो." तिनं हातानं हवेत ती तान काढून दाखवली. चढ, उडी, आणि नेमक्या ठिकाणी बोटं क्षणभर थांबली.

"तुला काय माहीत?"

"बचपन से सुन रही हूँ. आप रोटी बनाते हुए गाती हो, कपड़े सुखाते हुए गाती हो. माहीत नसेल का?" शेवटचं वाक्य मराठीत होतं. कदाचित तिच्या लक्षातही आलं नसेल. "तो आंटी को बताया क्यों नहीं?"

कांता आत जाऊन गॅस बारीक करून आली, मग पुन्हा मोठा करून आली. मैत्रेयी अजून पाहत होती. त्या नजरेत राग नव्हता, तिला खरोखरच समजत नव्हतं. रागावली असती तर बरं झालं असतं.

त्या रात्री तिनं रुचिराला फोन केला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. रोज कांता फोनपाशी जायची आणि तिच्या डोळ्यांसमोर रुचिराचं ते थांबलेलं हसू यायचं. मग वाटायचं, तिच्याकडे सगळंच आहे. बंगला, वय, गळा, आडनाव. एक श्वास माझ्याकडे राहिला तर काय बिघडलं? मग मैत्रेयीची हवेत थांबलेली बोटं आठवायची.

कार्यक्रमाच्या दिवशी धुकं दुपारपासूनच उतरलं होतं. मैत्रेयीला हॉलमध्ये बसवून कांता मागच्या लहान खोलीत गेली. रुचिरा पांढऱ्या साडीत आरशासमोर उभी होती.

"रुचिरा, ऐक," कांता म्हणाली. "ती तान आहे ना. उडी घेऊन खाली आलीस की तिथे श्वास घे. सूर लवकर सोड, कुणाला नाही कळत. मी तिथेच घेते." आणि मग, थांबता न आल्यानं, "मी नेहमीच तिथे घेत होते. तुला सांगितलं नाही."

रुचिरा वळली. तिनं कांताकडे जरा वेळ पाहिलं. अमीनाबादेतल्यासारखंच, पण आता त्या पाहण्यात आडनाव नव्हतं.

"राग आला होता माझा?" तिनं विचारलं.

"हेवा वाटला," कांता म्हणाली. "अजून वाटतो."

रुचिरानं जवळ येऊन कांताच्या खांद्यावरची सरकलेली शाल नीट केली. बाहेरून एडविन सरांनी हाक मारली.

हॉल भरला होता. क्वायरचं गाणं झालं, मग सगळे थांबले आणि रुचिरा दोन पावलं पुढे आली. आल्टोच्या रांगेतून कांताला फक्त तिची पाठ दिसत होती. तान चढली, माथ्यावर गेली, उडी घेऊन खाली आली. पांढऱ्या साडीखालचे खांदे क्षणभर हलले. श्वास घेतला गेला. मग तो आवाज पुन्हा वर चढला, कांताच्या कधी चढला नव्हता इतका मोकळा, आणि शेवटापर्यंत पोचला. कांताचे डोळे भरून आले. ते कशानं, हे तिनं स्वतःला विचारलं नाही. कारण लगेच सगळ्यांनी उचलायचं होतं, आणि मधल्या आवाजाची सुरुवात तिच्या एकटीच्या भरवशावर होती. तिनं सूर धरला. बाजूच्या मुलींनी तो तिच्याकडून घेतला.

नंतर चहा आणि केक होता. लोक रुचिराभोवती जमले. डॉक्टरांच्या बायकोनं कांताला विचारलं, "आप इस साल नहीं गा रही थीं?"

"गा रही थी," कांता म्हणाली.

परत येताना सायकलरिक्षा हज़रतगंजमधून चालली होती. धुक्यात दुकानांचे दिवे पिवळे, पसरलेले दिसत होते. मैत्रेयी तिच्याकडे वळली.

"आंटी ने अच्छा गाया ना?"

"छान गायली," कांता म्हणाली. खोटं नव्हतं, म्हणून जड गेलं.

"आपकी कौन सी लाइन थी? मुझे तो समझ ही नहीं आया, सब मिल गया था. गाके दिखाओ ना."

"रस्त्यात काय गाऊ?"

"धीरे से. कोई नहीं सुनेगा."

कांतानं शाल तोंडाशी घेतली आणि आपली ओळ गाऊ लागली. बराच वेळ एकच सूर. मग शेजारचा. पुन्हा पहिला. रिक्षावाल्यानं एकदा मागे वळून पाहिलं. वरचे आणि खालचे आवाज नसताना ते गाणं आहे असंसुद्धा वाटत नव्हतं. कांतानं ते शेवटच्या सुरापर्यंत नीट म्हटलं, कुठेही घाई न करता.

मैत्रेयी अजून काही येईल म्हणून वाट पाहत होती.

"बस? इतना ही?"

"इतकंच," कांता म्हणाली.