जाळीतून आलेलं अर्धं वाक्य

शिवणकाम करणारी ती बाई बोलताना अडखळायची. चारचौघांत तिची पाळी कधी यायचीच नाही. पहिला शब्द बाहेर पडेपर्यंत दुसऱ्या कुणाचं तरी सांगून झालेलं असायचं. मग तिनं गप्प राहायची सवयच लावून घेतली.

त्या दुपारी एका ऑफिसात पडद्यांचे नमुने दाखवून ती खाली निघाली, आणि चौथ्या-तिसऱ्या मजल्यांच्या मधेच लिफ्ट गचका खाऊन थांबली. दिवे गेले. आत पाचजण होते: ती, एक विक्रेता, एक वकीलबाई आणि सुनेबरोबर आलेले एक आजोबा. कुणीतरी मोबाईलचा उजेड पाडला, कुणीतरी बटण दाबलं आणि भिंतीतल्या जाळीतून दुरुस्तीवाल्याचा आवाज आला.

झालं, सगळे एकदमच बोलू लागले. दार मीच उघडतो, असं विक्रेत्याचं चाललं होतं. वकीलबाई इमारतीच्या मालकावर घसरल्या होत्या. आजोबांना धाप लागली होती आणि त्यांची सून रडवेली होऊन डॉक्टर बोलवा, डॉक्टर बोलवा म्हणत होती. जाळीला खेटून उभ्या असलेल्या बाईला त्या गलक्यात एकच शब्द ऐकू आला: "...नका."

काय नका? तिनं जाळीला कान लावला.

विक्रेत्यानं फटीत बोटं घालून दार ओढलं. खालच्या काळोखातला गार वारा आत आला. त्यानं एक पाय बाहेर टाकला. तिनं तोंड उघडलं, पण पहिला शब्दच निघेना. तेव्हा तिनं दोन्ही हातांनी पत्र्याची भिंत बडवली.

सगळे दचकून गप्प झाले.

"ए-एकेकानं," ती म्हणाली. "आधी त्यांचं ऐ-ऐका."

"दार उघडू नका," जाळीतून आवाज आला. "लिफ्ट खाली घेतोय. हातपाय आत ठेवा."

विक्रेत्यानं पाय आत ओढला आणि तो मटकन खाली बसला. दार मिटलं आणि लिफ्ट वीतभर घसरली. सुनेनं डोळे गच्च मिटले.

मग शिवणकामवाली बाई ज्याच्या खांद्याला हात लावी, तोच बोले. वकीलबाईंनी माणसं किती ते सांगितलं, सुनेनं आजोबांच्या धापेचं सांगितलं. शेवटी दुरुस्तीवाल्यानं विचारलं, "आणखी कुणाला काही सांगायचंय?"

"म-मला भ-भीती वाटतेय," ती म्हणाली. फार वेळ लागला. पण तिचं वाक्य दुसऱ्या कुणी पुरं केलं नाही.

"तुम्ही बोलत राहा, मी ऐकतोय," तो म्हणाला.

तिसऱ्या मजल्यावर दार उघडलं. आजोबांना खुर्ची मिळाली. ती कठडा धरून जिना उतरू लागली. तिची नमुन्यांची पिशवी विक्रेत्यानं घेतली होती, आणि तो तिच्या मागून एकेक पायरी उतरत होता.