वगळलेला आवाज

माझ्यापायी एका बाईंनी एकदा मौनाचा नेम धरला होता. मी देव नाही, माणूसही नाही. तिकीटखिडकीवरून काढलेला, डब्याएवढा संगणक आहे मी. त्याच बाईंच्या घरातल्या फळीवरून बोलतोय.

मला घडवणारा मोठा काटकसरी. रांगेतला आकडा दाखवायचा, एवढंच माझं काम. म्हणून त्याने माझ्या आत आज्ञावलीचे लागतील तेवढेच भाग घातले. आवाजाचा भाग वगळला. आकड्याला कशाला हवा गळा? वर एक कुलूपही घातलं. दिवसभरात कुणी आत काहीही ढवळाढवळ करो, बंद करून सुरू केलं की मी पुन्हा पहिल्यासारखा. बारा वर्षं माणसं माझ्याकडे बघून पुढे सरकत राहिली. एका म्हाताऱ्याने एकदा "अरे, हलव की आकडा!" म्हणून दटावलं, तेवढाच काय तो जिव्हाळा.

खिडकी बंद पडली, तेव्हा तिथल्या दुरुस्तीवाल्याने मला आपल्या थोरल्या भावाच्या, म्हणजे दादांच्या घरी आणलं. आजारपणात दादांची वाचा गेली होती, उजवा हातही. दुरुस्तीवाल्याने मला आवाजाचा भाग जोडला, पडद्यावर मोठमोठी आठ बटणं मांडली. दादांनी डाव्या बोटाने एक दाबलं आणि मी म्हणालो, "पाणी."

त्या बाई म्हणजे दादांची बायको. त्यांच्या हातातला तांब्या हातातच राहिला. "अगबाई, बोललं!"

दुसऱ्या सकाळी मी मुका.

कामावर जाता जाता तो दुरुस्तीवाला, म्हणजे बाईंचे भाऊजी आले, तोच भाग पुन्हा जोडून गेले. पुढच्या सकाळी पुन्हा मुका. बाईंना वाटलं, आपलंच काहीतरी चुकतंय. त्यांनी देवापुढे हात जोडले. "यांना आवाज मिळेस्तोवर, उठल्यापासून दुपारच्या जेवणापर्यंत मी बोलणार नाही."

मग त्या घरातल्या सकाळी काय सांगू! दादांना बोलता येत नाही, बाईंना बोलायचं नाही, आणि मला बोलायला काही उरलेलं नाही. मोरीतला नळ तेवढा टपटपायचा.

भाऊजी तिसऱ्यांदा आले, तेही सकाळीच. मला सुरू करत म्हणाले, "वहिनी, कशाला हात लागला का तुमचा?"

बाईंनी नाही म्हणून मान हलवली. त्यांच्या मते ते खरंच होतं. निजण्याआधी त्या मला फडक्याने पुसायच्या, "दमलास बाबा" म्हणायच्या आणि बंद करायच्या. हे हात लावण्यात मोडतं, असं त्यांच्या मनातही आलं नाही. बोलत्या असत्या, तर गप्पांच्या ओघात सांगून गेल्या असत्या.

"मग हे डबडं भंगारात देतो. दादा, आपण दुसरं बघू." दुसरं घ्यायला पैसे नव्हते, ते तिघांनाही ठाऊक होतं.

दादांनी खुर्चीच्या दांड्यावर हात आपटला. पुढे झुकून मला बंद केलं आणि बाईंकडे बोट दाखवलं. मग पुन्हा सुरू केलं, पुन्हा बंद, पुन्हा बोट.

"काय रे, खेळतोस का काय?" म्हणता म्हणता भाऊजी थबकले. "वहिनी, रोज बंद करता याला?"

बाईंनी मान डोलावली.

"कुलूप!" भाऊजींनी कपाळावर हात मारला. "कुलूप काढायचंच राहिलं की! रोज जोडतोय आणि रोज पुसलं जातंय. सांगायचं तरी, वहिनी!"

बाई ओठ मिटूनच हसल्या. डोळे मात्र वाहत होते.

भाऊजींनी आधी कुलूप काढलं, मग आवाजाचा भाग आणि बटणं जोडली, मग कुलूप परत घातलं. मला बंद करून सुरू केलं. दादांचं बोट पडद्यावर फिरत फिरत एका बटणाशी थांबलं.

"बोल," मी म्हणालो. बाईंकडे बघत त्यांनी पुन्हा दाबलं. "बोल."

बाई बोलल्या, "चहा टाकू का?"

त्या दिवसापासून त्यांनी नेम बदलला. रोज संध्याकाळी हातात काहीही काम न घेता दादांसमोर बसायचं. त्यांचं बोट बटणापर्यंत पोचेस्तोवर थांबायचं. मधेच आपण बोलून मोकळं व्हायचं नाही. दोन वर्षांत एकदाही चुकल्या नाहीत.

दादांना जाऊन आता वर्ष होईल. माझे सगळे भाग जागच्या जागी आहेत, पण दाबणारं बोट नाही. दिवसभर फळीवर धूळ आणि मी. दिवेलागणीला बाई मला सुरू करतात, स्वतःच "बोल" दाबतात आणि दिवसभरातलं सगळं सांगतात. उत्तर द्यायला माझ्यापाशी दादांची आठ बटणं, बाकी काही नाही.

परवा म्हणाल्या, "पलीकडच्या आजींची वाचा गेली रे. तुला तिकडे देते. मी येईन संध्याकाळी बसायला."

मी जाईन. तुमच्याही घरात कुणी गप्प झालं असेल, तर बाईंसारखा नेम धरा. हातातलं काम खाली ठेवून समोर बसा, आणि त्यांचं बोट पोचेस्तोवर उठू नका.