डावऱ्यांचा देश

चोपन्न साली दिवाळीनंतरच्या मंडईच्या, म्हणजे गावजत्रेच्या, दिवसांत गोंदियाच्या भैय्यालालने नवेगाव बांध या गावी सिनेमाचा तंबू आणला, तेव्हा रुख्माच्या लग्नाला आठ महिने झाले होते.

तंबू तलावाच्या पाळीखाली, मातीच्या बांधाच्या पायथ्याशी, धान कापून मोकळ्या झालेल्या बांधीत ठोकला होता. आत मधोमध एक पांढरं कापड ताणलेलं. त्याच्या एका अंगाला यंत्र आणि पुरुष, दुसऱ्या अंगाला भाताच्या तणसावर बसलेल्या बाया. खेळाआधी एक माणूस कापडावर पाणी शिंपडायचा. ओल्या कापडातून चित्र आरपार उतरायचं आणि पलीकडच्या बायांनाही दिसायचं.

रुख्माने आयुष्यात सिनेमा पाहिलेला नव्हता. दिवेलागणीला ती सासूच्या, सुमित्राबाईच्या, मागोमाग आत गेली. कापड उजळलं आणि त्यावर एक नदी वाहू लागली. रुख्माने पाय आखडून घेतले. मग तिला आपलंच हसू आलं, आणि त्यानंतर तिचं तोंड काही मिटेना.

"अवो माय, मागं पाह्य ना! तो आला पाहा मागून!" ती नायिकेला ओरडून सांगू लागली. नायिका नदीत पडली, बाहेर निघाली. "कुंकू तसंच हाय हिचं! माह्यं त घामानंच पुसून जाते." बाया खदखदा हसल्या. सुमित्राबाईने सुनेकडे वळून पाहिलं. घरात दिवसभर दोन शब्द न बोलणारी ही पोर इतकी बडबडी आहे, हे तिला ठाऊकच नव्हतं.

रुख्मा घरात बोलत नसे त्याला कारण होतं. ती डावरी होती. विळा, पळी, घास, सगळं डाव्या हाताने. लग्नानंतर पहिल्याच पंगतीत सुमित्राबाई म्हणाली होती, "त्या हातानं वाढू नोको वो. लोक जेवतेत." तेव्हापासून ती उजव्या हाताने वाढायची. वरण सांडायचं. कापणीत ती सगळ्यांच्या मागे पडायची. घरात कोणी तिला रागावत नव्हतं, पण स्वतःचंच अंग उसनं आणल्यासारखं वाटायचं.

तर त्या सिनेमातली नायिका मोठ्या घरची सून होती. सासरा पाटावर बसला, नवरा बसला, आणि ती भात वाढू लागली. डाव्या हाताने.

रुख्माने सासूचा गुडघा घट्ट धरला. "आत्या, पाहा. डावरी हाय."

"चूप ऱ्हाय. पाहू दे," सुमित्राबाई म्हणाली, पण तीही पुढे वाकली.

सासऱ्याने पहिला घास उचलला, तोही डाव्या हाताने. नवऱ्यानेही. मुनीम डाव्या हाताने लिहीत होता, देवळातला पुजारी डाव्या हाताने ओवाळत होता. म्हणजे असा एक मुलूख आहे, जिथं सारेच डावरे आहेत, आणि कोणी कोणाला काही म्हणत नाही.

पाळीवरून परतताना चांदणं पडलं होतं. तलावाच्या पल्याड डोंगर निळे-काळे दिसत होते. तो देश त्या डोंगरांमागे असेल, असं तिला वाटत राहिलं. तिथल्या विहिरींवर बाया डाव्या हाताने दोर ओढत असतील, पोरी डाव्या हाताने रांगोळ्या घालत असतील. पाण्यावर चंद्र हलत होता आणि ती चालताना आपला डावा हात थोडा पुढे धरून चालली होती.

दुसऱ्या दिवशी नवरा, दुधराम, जेवायला बसला. रुख्माने पळी डाव्या हातात घेतली.

"रुख्मा," सासू म्हणाली.

"काल ते वाढत होती ना, आत्या. कोणी ताट सारलं काय?"

सुमित्राबाईने काल आपल्या डोळ्यांनी पाहिलं होतं. तिने वरणाचं भांडं सुनेपुढे सरकवलं. दुधराम जेवला आणि त्याने आणखी वरण मागितलं. थेंबभरही सांडलं नव्हतं.

उशिराचं धान अजून उभं होतं. रुख्मा रांगेच्या डाव्या टोकाला गेली, म्हणजे विळा कोणाला लागायचा नाही, आणि डाव्या हाताने कापू लागली. दुपारपर्यंत ती सगळ्यांच्या पुढे निघाली होती. कापता कापता ती सिनेमा सांगायची. "तो मुनीम मले पहिल्यापासूनच पटला नाई. डोळे पाहिले काय त्याचे? आन् ते बावरी त्याच्याच हातात चिठ्ठी देते!"

तीन दिवसांनी खेळ बदलला. राजांचा, लढाईचा. सगळ्या तलवारी डाव्या हातात. रुख्मा आता त्या देशात रुळली होती.

खळ्यावर धान मळताना ती दुधरामला म्हणाली, "राजानं कसा डाव्या हातानं वार केला!"

"डाव्या?" दुधराम थांबला. "उजव्या वो! तू झोपली होती काय?"

"तुमीच झोपले असाल."

दुधरामने खळ्यावरच्या गड्यांना विचारलं. प्रत्येकजण उजवा म्हणाला. मग दुधरामच्या लक्षात आलं आणि तो हसत सुटला. "अवो, तुमी मागून पाहून राहिल्या! मागून उलटं दिसते सारं."

रुख्मा हसली नाही. ती हातातलं सूप ठेवून घरात गेली. त्या दिवशी तिने उजव्या हाताने वाढलं आणि एक शब्द बोलली नाही.

शेवटच्या दिवशी पुन्हा पहिलाच खेळ होता. ती यायला तयार नव्हती. सुमित्राबाईनेच तिला ओढत आणलं. ती तणसावर खाली मान घालून बसली. जेवणाचा प्रसंग आला तशी सुमित्राबाई उठली, पदर खोचला आणि पडद्याला वळसा घालून थेट पुरुषांच्या बाजूला जाऊन उभी राहिली.

"अरे माई, इधर कहाँ?" भैय्यालाल धावला.

"पाहून राहिली. सरक."

थोड्या वेळाने ती परत येऊन बसली.

"काय दिसलं?" रुख्माने विचारलं.

"तिकडून उजवा हाय."

"म्हंजे सारं खोटंच."

"खोटं कायचं? तिकडून जेवले, इकडूनही जेवले. कोणी उपाशी उठलं नाई." सुमित्राबाईने कापडाकडेच पाहत म्हटलं, "मी तुले त्या हाताचं उगाच म्हणलं, बाई. तिकडून ते मले दुसऱ्याच कोणाची सून वाटली."

मग रुख्माही उठली आणि पडद्याच्या कडेशी गेली. पुढून पाहिलं. नायिका उजव्या हाताने सासऱ्याला पान देत होती, आणि चेहरा तोच होता, दमलेला, गोड.

"ऱ्हाऊ दे बाई," रुख्मा तिला मोठ्याने म्हणाली, "तू तुह्या हातानं दे." आणि ती आपल्या जागी येऊन बसली.

पुढच्या मंडईला तंबू आला नाही. दुधराम दोघींना छोट्या रेल्वेने गोंदियाला घेऊन गेला. तिथलं थिएटर पक्कं, पडदा भिंतीवर. दिवे मालवले आणि अंधारात दर्या दिसू लागला. रुख्माने दर्या कधी पाहिला नव्हता. लाटा येत होत्या, जात होत्या, आणि ती त्यांच्याबरोबर हळूहळू डोलत होती. इतक्यात किनाऱ्यावर उभ्या नायिकेसमोर एक मिशीवाला होडीतून उतरला.

"हा नाई चांगला," सुमित्राबाई कुजबुजली.

"थांबा ना, आत्या. मले वाटते हाच तिचा भाऊ हाय."

मागच्या रांगेतून कोणी तरी दोघींना गप्प बसायला सांगितलं. दोघी गप्प बसल्या, पण फार वेळ नाही.