चॅनलवरचं नाव

रामदासला स्वतःच्या वेल्डिंगचा भारी गर्व. कुणी विचारो न विचारो, "माझा टाका सुटलेला दाखवा!" हे त्याचं ठरलेलं.

त्याची मुलगी मैत्री खेडोपाडीच्या शाळांत मातीकाम शिकवायची. मुलांची भांडी भाजायची भट्टी जीपमागून ओढून न्यायला रामदासनेच खडकीतल्या घरामागच्या शेडमध्ये ट्रेलर बांधला होता. आता ती दुप्पट वजनाची भट्टी घेणार होती, म्हणून सांगाडा मजबूत करायचा होता. कालच ती भोरकडून कात्रजच्या घाटाने आली. जुनी भट्टी अजून वरच होती. कशाला उतरवायची, ट्रेलर कुणी बांधलाय!

रामदास पाठीवर झोपून ट्रेलरखाली सरकला. सांगाड्याच्या दोन्ही लांब लोखंडी चॅनलच्या, म्हणजे भार पेलणाऱ्या तुळयांच्या, पोटाला खालून जाड पट्टी जोडायची होती. उजव्या चॅनलच्या पोटावर मात्र त्याने एक गंमत करून ठेवली होती. ट्रेलर बांधताना वेल्डिंगच्या रेघेनेच तिथे बायकोचं नाव काढलं होतं, शैला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तोंडाने गडी कधी 'अगं'च्या पुढे गेला नाही. पट्टी लावायची ती नाव मोकळं सोडूनच, असं त्याने ठरवलं होतं.

तारेच्या ब्रशने त्याने गंज खरवडला आणि हात जागच्या जागी थिजला. शेवटच्या अक्षराच्या कान्याची रेघ चॅनलच्या या काठापासून त्या काठापर्यंत आडवी गेली होती. तिला लागूनच चीर पडली होती. पोट पार फाटून ती वर चढली होती. बोटभर लोखंड काय ते शिल्लक होतं.

ओझ्याने ताणल्या जाणाऱ्या पोटावर आडवी रेघ मारायची नाही, लोखंड तिथूनच फाटतं, हे कारखान्यात त्याने नव्या पोरांना ओरडून ओरडून शिकवलं होतं. आणि इथे प्रेमात विसरला, शहाणा! वरून पट्टी मारली तर कुणाला कळणार नाही, असंही क्षणभर मनात आलं. त्या विचाराची त्याला शिसारी आली.

"मैत्री! आईला घेऊन ये. आत्ता!" तो ओरडतच बाहेर सरपटला.

शैलाने वाकून टॉर्चच्या उजेडात पाहिलं. "अहो, जन्मात एकदा माझं नाव घेतलंत, तेही असल्या जागी?" ती हसली. मग तिला चीर दिसली. "हे काय?"

"तुझ्या नावापासूनच फाटलंय. मीच केलं हे."

"मग कापून टाका. नाव गेलं चुलीत. पोरगी घेऊन फिरते हा ट्रेलर!"

भट्टी उतरवण्याआधी जरा टेकू द्यावा म्हणून मैत्रीने जॅक लावला. दांडा एकदाच दाबला असेल नसेल, तोच खाडकन आवाज झाला. चॅनल तुटला, ट्रेलर आडवा झाला आणि भट्टी घसरून जमिनीवर आदळली. रामदास मघाशी झोपला होता, नेमकी तिथे.

शैलाने त्याचं मनगट घट्ट धरलं.

"घाटात हळू आलीस ना गं?" त्याने मैत्रीला विचारलं.

मैत्री भिंतीला टेकली होती. "नाही बाबा, उशीर झाला होता," ती म्हणाली. "मागे स्कूटरवर एक जोडपं होतं, पुढे लहान मुलगी उभी. घाटभर ट्रेलरला चिकटूनच होते. ती मला आरशात टाटा करत होती."