तिसरा पुकारा

"विनया मॅडम, पाचही ओळींत एकच उत्तर? वरचे म्हणतील टेबलावर बसून भरलंय."

जिल्ह्याच्या कार्यालयातून जितेंद्र सरांचा सकाळपासून हा तिसरा फोन होता. टेबलावर बसूनच भरलं होतं. समुपदेशक दुसरीकडे कुठे बसणार? कुठल्याशा संस्थेचा अभ्यास चालला होता, वसई-विरारमधल्या वेगवेगळ्या समाजांतल्या बायकांना एचआयव्हीची लागण कशी होते याचा. कोळी, ख्रिस्ती, आदिवासी, गुजराती, उत्तर भारतीय अशा पाच ओळींचा तक्ता आणि पुढे कारणाचा रकाना. पाचही रकान्यांत मी 'नवऱ्याकडून' लिहिलं होतं.

सोळा वर्षं मी या सरकारी तपासणी केंद्रात आहे, अजून कंत्राटीच. अर्नाळ्याची कोळीण नवऱ्याचा उद्धार करत सांगते. विरारच्या टॉवरमधली गुजराती बाई तोंडावर ओढणी धरून तीनदा विचारते, दाताच्या डॉक्टरकडून झालं असेल का. डोंगरातली आदिवासी बाई काहीच बोलत नाही, दारात उभ्या असलेल्या नवऱ्याकडे नुसती बघते. बोलण्याची तऱ्हा वेगळी, पण सगळ्यांचं बोट शेवटी एकाच दिशेला. सरांना मात्र समाजनिहाय फरक हवा होता. मी म्हटलं, सर, तो नवऱ्यांनी दाखवायला हवा होता. त्यांनी फोन ठेवला.

फोन वाजायचा थांबला तशी मेरी आत आली. ती आमची लॅब टेक्निशियन, भुईगावची. रक्त ती तपासते, बोलायचं काम माझं.

"उद्या तिसरा पुकारा, बाई," ती म्हणाली. "फादर विचारनार, कोनाला हरकत ठाऊक असेल तर सांगा. आनि मी गायनाचं पुस्तक धरून गप उभी रानार. दोन रविवार तशी उभी राहिले, तिसऱ्याला माझ्याच्यानं होनार नाही."

तिच्या चर्चमध्ये लग्नाआधी तीन रविवार वधूवरांची नावं पुकारतात. यंदा त्यांत डेरिक आणि शर्लिन अशी दोन नावं होती. डेरिक हर्नियाच्या ऑपरेशनआधीच्या तपासणीला आमच्याकडे आला आणि त्याची चाचणी पॉझिटिव्ह निघाली, त्याला पाच आठवडे झाले होते. लग्न दहा दिवसांवर आलं होतं आणि शर्लिनला काहीच माहीत नव्हतं. आम्ही दोघींनी गुप्ततेच्या कागदावर सही केलेली. मेरीला तर घरी नवऱ्यालाही सांगायची सोय नव्हती.

या पाच आठवड्यांत डेरिकनं माझा जीव नकोसा केला होता. गोळ्या सुरू केल्या, वेळेवर घेतो म्हणायचा. शर्लिनचा विषय काढला की मात्र 'या रविवारी सांगतो, मॅडम'. मग नाताळ आला, नाताळात कसं सांगायचं? मग तिच्या भावाच्या बाळाचा बाप्तिस्मा. मग पत्रिका छापायला गेल्या. नियम असा की आधी त्यालाच समजवायचं, मुदत द्यायची, नाहीच ऐकलं तर त्याला कळवून मग जोडीदाराला सांगायचं. मी त्याला मुदतीवर मुदत देत गेले. काल, शुक्रवारी, शेवटी माझं डोकं फिरलं. उद्या तिला घेऊन ये, नाहीतर दुपारी मीच तिला बोलावून घेते, असं मी त्याला बजावलं.

आज, शनिवारी, बाराला ती दोघं आली. शर्लिन नालासोपाऱ्यातल्या एका शाळेत बालवर्गाला शिकवते; पंजाबी ड्रेसच्या बाहीवर खडूची पूड तशीच होती. डेरिकनं सांगितलं एकदाचं. भिंतीवरच्या पोस्टरकडे बघत, एका दमात, तेही मी दोनदा घसा खाकरल्यावर. त्याचं संपल्यावर शर्लिननं विचारलं ते एवढंच, की माझी चाचणी आता होईल का.

मी माझ्या नेहमीच्या समजुतीच्या सुरात सुरू झाले. घाई नाही म्हटलं. गोळ्या नीट घेतल्या की माणूस पुरं आयुष्य जगतो, संसार होतो, मुलंही चांगली निरोगी होतात, हे सगळं सांगितलं आणि वर म्हटलं, "लग्नाआधी कळलं, हे किती बरं झालं."

शर्लिननं डेरिककडे पाहिलं. डेरिकनं फरशीकडे.

"मॅडम," ती म्हणाली, "आमचा साखरपुडा ऑगस्टमध्ये झालाय."

चंदनसारच्या फ्लॅटमधून कोणी लग्न व्हायचं असलेलं जोडपं आलं की त्यांना मी पहिल्याच दिवशी विचारते, संबंध आलेत का, काळजी घेता का. निरोधची पाकिटं हातात देते. डेरिकला मी विचारलंच नव्हतं. ख्रिस्ती घरातली मुलगी, रविवार न चुकवणारी, चर्चमधलं लग्न; तोवर काय होणार आहे, असं मीच परस्पर ठरवून टाकलं होतं. म्हणून तर मी मुदती देत बसले. सकाळी ज्या तक्त्यावरून मी जितेंद्र सरांची टर उडवत होते, तोच तक्ता माझ्या डोक्यात पक्का बसलेला होता, आणि त्याची मला कधी शंकाही आली नव्हती.

मेरीनं रक्त घेतलं. तीन वेगवेगळ्या किटवर तपासायचं असतं, अर्धापाऊण तास जातो. डेरिकला मी बाहेर बाकड्यावर बसवलं. शर्लिन माझ्यासमोर बसून राहिली. पाणी दिलं ते ती प्यायली. नंतर मेरी कागद घेऊन आली, पण दारातच थांबली, आणि मी समजले.

शर्लिनला सांगायला मला फार शब्द लागले नाहीत. ती रडेल म्हणून मी पुढे सरकले होते, पण तिनं पर्समधून फोन काढला आणि माझ्यासमोरच लावला.

"फादर, शर्लिन बोलते. उद्या आमची नावं पुकारू नका." थोडा वेळ ती ऐकत राहिली. "हो, हरकत आहे. माझीच आहे. कारण मी येऊन सांगते."

फोन ठेवून तिनं गोळ्या कधी सुरू होतील ते विचारलं. सोमवारी, मी म्हटलं. सोमवारी शाळा साडेबाराला सुटते, एकपर्यंत येते, म्हणाली. मी कार्ड लिहून दिलं. ते तिनं दोन्ही बाजूंनी वाचलं.

"तुम्हांला डेरिकचं कधी कळलं?"

"पाच आठवडे झाले."

"मग माझं त्याच्या आधीचं, की या पाच आठवड्यांतलं?"

"ते सांगता येत नाही."

"येत नाही, की सांगत नाही?"

"येत नाही, शर्लिन."

नियमाचं मी काही बोलले नाही. बोलले असते तर तिनं ते शांतपणे ऐकूनही घेतलं असतं. तिनं मला चार शब्द सुनवावेत म्हणून मी वाट बघत बसले. तिनं खुर्ची जागच्या जागी सरकवली, "येते, मॅडम," म्हणाली आणि डेरिक बसला होता त्या बाकड्यापुढून, त्याच्याकडे न बघता, फाटकाकडे चालत गेली.